कुजलंय तेवढंच बदला ना!

आमच्या गावच्या देवळाचा लाकडी सभामंडप पाडायचं घाटतंय. दोन खांब बुडाशी कुजलेत, म्हणून अख्खा मंडप जाणार आणि स्लॅब पडणार. याला म्हणे जीर्णोद्धार!

रशियात ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर १७१४ सालचं चर्च आहे. ३७ मीटर उंच, २२ घुमट, सगळं लाकडी. ओंडके कुजून ते झुकायला लागलं होतं. पाडून नवं बांधणं सोपं होतं. पण तिथल्या लोकांनी वरचा डोलारा आतल्या पोलादी सांगाड्यावर तोलून धरला आणि खालून एकेक थर सोडवला. ओंडके बेटावरच्याच कार्यशाळेत नेले, कुजका भाग कापून तिथे नवं लाकूड सांधलं, धड ओंडके तसेच ठेवले, मग थर परत जागेवर. असे सात थर! हिवाळ्यात तिथं सरोवर गोठतं, यावरून गारठ्याची कल्पना करा. दहाएक हिवाळे त्यात गेले, २०२० मध्ये काम संपलं.

आपल्याला गोठणारं सरोवर नाही, फक्त पावसाळा आहे. आणि खांब दोनच.

रविवारी गावात मीटिंग आहे. तरुण पोरं सहसा फिरकत नाहीत तिकडे. मी जाणार आहे, मोबाइलमध्ये किझीचे फोटो घेऊन.