कॉलेजची सुट्टी, चाकणची शिफ्ट

मे महिना लागला की पिंपरी-चिंचवडच्या चौकाचौकांत ‘प्रवेश सुरू’चे फ्लेक्स झळकतात. छोट्या कॉलेजांतही लगबग सुरू होते. रंगरंगोटी, माहितीपत्रक, स्पोकन इंग्लिशचे वर्ग, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. वार्षिक अहवालात याला ‘उन्हाळी उपक्रम’ म्हणतात. पण त्याच कॉलेजातला आपल्या वस्तीचा विद्यार्थी या दोन महिन्यांत कुठे असतो? तो महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळीच्या कंपन्यांत ठेकेदाराच्या गेटपासवर हेल्पर म्हणून उभा असतो. पुढच्या वर्षाची फी जमवायला. त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. आपल्या मुलामुलींचे शिक्षण परीक्षेच्या हॉलमध्ये तुटण्याआधी एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत तुटते. मुलगा कंपनीत जातो आणि ऑगस्टमध्ये परत येत नाही. मुलीचे मे महिन्यात लग्न लागते आणि तिचे नाव हजेरीपटावर नुसते उरते. कॉलेज म्हणते, ‘विद्यार्थ्यांना शिक्षणात रस नाही.’ रस नसता तर त्याने फीसाठी बारा-बारा तास मशीनपुढे काढले असते का?

आता शिष्यवृत्तीचा हिशोब बघा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासून चालू आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी १९४२ मध्ये सरकारला निवेदन देऊन अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला होता. म्हणजे ही खैरात नाही, तो लढून घेतलेला हक्क आहे. पण त्या हक्काची आज काय अवस्था आहे? २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरी राहून बीए, बीकॉम करणाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो वर्षाला ३,००० रुपये. महिन्याला २५०. चाकणला जायच्या-यायच्या खर्चाला आठवडाभर तरी पुरेल का?

आणि उत्पन्नाची मर्यादा? अडीच लाख. ती २०१३-१४ पासून तिथेच आहे. अडीच लाख म्हणजे महिन्याला २०,८३३ रुपये. बाप हाऊसकीपिंगला आणि आई चार घरची धुणीभांडी करत असेल, तरी कुटुंब ही रेषा ओलांडू शकते. मग फ्रीशिपमध्ये फी माफ होते, भत्ता जातो. दुसरीकडे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी मर्यादा आहे आठ लाख! गरिबी मोजायला या देशात दोन पट्ट्या आहेत, आणि आपल्या वाट्याला नेहमी आखूड पट्टी येते. हा प्रश्न आपण पुरेशा जोरात का विचारत नाही?

तिसरी गोष्ट कागदांची. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि कुटुंब तेव्हा जिथे राहत होते तिथला. आपल्या पट्ट्यातली किती कुटुंबे लातूर, नांदेड, बीड, वाशिमहून पोट भरायला आली! आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, वंशावळ, सगळे गावी. त्यात जुन्या कागदावर जात आणि नंतरच्या कागदावर ‘बौद्ध’, म्हणून आणखी एक फेरा. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने १९९० मध्येच दिल्या, तरी काही खिडक्यांवर अजून हे समजावून सांगावे लागते. हे काम सुट्टीतच होऊ शकते. पण सुट्टीत पोरगा शिफ्टवर असतो. जुलैमध्ये यादी लागते तेव्हा हातात फक्त पावती असते.

काही जण म्हणतील, ‘काम करून शिकण्यात वाईट काय? कर्मवीरांनी कमवा आणि शिका सांगितलेच होते.’ बरोबर. पण कर्मवीरांच्या योजनेत कमाई शिक्षणासाठी होती आणि ती शिक्षणसंस्थेच्या छायेत होती. इथे ठेकेदाराला पोराच्या टाइमटेबलशी देणेघेणे नाही. ‘अप्रेंटिस’ म्हणून घेतले तर १९६१ च्या कायद्यानुसार तो कामगार ठरतच नाही, शिकाऊ ठरतो. काम पूर्ण, हक्क अर्धे. तरी सुरक्षिततेच्या तरतुदी आणि अपघाताची नुकसानभरपाई त्यालाही लागू आहे. हे किती पोरांना माहीत आहे?

आणि आता तर ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सांगितले जाते. तो ४८ तासांचा आकडा १९४६ मध्ये कायद्यात आणणारे मजूर मंत्री कोण होते, हे वाचकांना सांगायला नको. पण बारा तासांची शिफ्ट आणि दोन तासांचा प्रवास करणारा विद्यार्थी कोणत्या लेक्चरला बसणार?

बाबासाहेबांनी हा प्रश्न ओळखला होता. ८ जुलै १९४५ ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळी वर्ग भरत. विद्यार्थ्याच्या पोटाप्रमाणे कॉलेजचे घड्याळ लावले गेले. आज कॉलेजच्या घड्याळाप्रमाणे विद्यार्थ्याने उपाशी राहावे, अशी अपेक्षा आहे.

म्हणून येत्या उन्हाळ्यासाठी ही कामे:

१) एप्रिलमध्येच प्रत्येक विहारात कागदपत्र कक्ष. जातीचा दाखला, उत्पन्न, डोमिसाईल, वैधतेचा अर्ज, आधारला जोडलेले बँक खाते. गावी जाणाऱ्याच्या हातात काय आणायचे त्याची यादी.

२) प्राचार्यांना लेखी निवेदन. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. फीसाठी मूळ कागदपत्रे अडवायला यूजीसीची मनाई आहे. तोंडी बोलू नका, पोच घ्या.

३) चाकणला जाणाऱ्या प्रत्येक पोराने ठेकेदाराचे आणि कंपनीचे नाव, गेटपासचा फोटो, हजेरी आणि ओटीची नोंद स्वतःजवळ ठेवावी.

४) कामावर जाणाऱ्यांसाठी सकाळची तुकडी, ही मागणी प्रत्येक कॉलेजपुढे.

५) मुलींच्या घरी मे महिन्यात जाऊन बसणे. हे काम भाषणाने होत नाही, आपल्या ताई-मावशींनीच करावे लागेल.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. दर वर्षी आपण तिथे गर्दी करतो, केलीच पाहिजे. पण तिथून चाकण काही लांब नाही. एप्रिलमध्ये जयंतीची वर्गणी जमवताना प्रत्येक मंडळाने एवढेच ठरवावे: आपल्या गल्लीतले किती जण कॉलेजात आहेत, त्यांची नावे लिहून घ्यायची, आणि ऑगस्टमध्ये तीच यादी घेऊन पुन्हा दारोदार जायचे. जे नाव गळाले असेल, त्याचा जाब कॉलेजला विचारायचा आणि आपल्या मंडळालाही.

जय भीम!