समजून घ्या : सभागृहात ठराव झाला, मग काम का अडते?

मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षे तिथे प्रशासकांचा कारभार होता. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. आता पाण्याची तक्रार घेऊन जायला नगरसेवक आहे. पण त्याच्या हाती नेमके काय आहे?

अधिकार कोणाचे?
मुंबई वगळता राज्यातील महापालिका १९४९ च्या अधिनियमानुसार चालतात. सर्वसाधारण सभा अंदाजपत्रक मंजूर करते, अंमलबजावणी आयुक्तांकडे असते. आयुक्तांना राज्य सरकार नेमते. नगरसेवक मतदारांना उत्तर देतो, आयुक्त मंत्रालयाला. खटका उडतो तो इथेच.

वाद टोकाला गेला तर?
पाच अष्टमांश नगरसेवकांच्या मतांनी आयुक्तांना परत पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईत तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. राज्य सरकारने तो रोखला. मार्च २०१७ मध्ये मुंढे यांची बदली झाली, तीही सरकारच्याच आदेशाने. शहराचा वाद शहरात मिटलाच नाही.

मग करायचे काय?
पहिले, प्रत्येक सभेच्या सुरुवातीला आधीच्या ठरावांची यादी मांडावी : काम कोणत्या खात्याकडे, कोणत्या टप्प्यावर. होणार नसेल तर कारण लेखी द्यावे. ‘फाइल वर गेली आहे’ हे उत्तर नव्हे.

दुसरे, प्रभाग समित्या नियमित भराव्यात. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने त्या दिल्या आहेत. गटाराचा प्रश्न अभियंत्यासमोर तिथेच सुटला, तर सभागृहात त्यावर गोंधळ घालावा लागणार नाही.

तिसरे, नगरसेवकांनी कनिष्ठ अभियंत्याला फोनवरून तोंडी आदेश देणे थांबवावे. मागणी लेखी असेल तर तिचा पाठपुरावाही करता येतो आणि नकाराचा जाबही विचारता येतो.

यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, सवय बदलायची आहे. ती बदलली नाही, तर ‘यापेक्षा प्रशासकच बरा होता’ असे लोक म्हणू लागतील. मग पुढच्या वेळी निवडणूक लांबली, तर तिची आठवण करून द्यायलाही कोणी पुढे येणार नाही.