सूचना आणि सुनावणी

दुकानात, वखारीत किंवा कारखान्यात नासाडी कोठे होते, हे मालकाच्या आधी तेथे राबणाऱ्या माणसांना कळते. चांगली खोकी सोडवून ठेवली जातात की फाडून फेकली जातात, कॉम्प्रेसरच्या नळीतून हवा किती दिवस गळते आहे, दुपारच्या सुट्टीत माळ्यावरचे पंखे कोणासाठी फिरत असतात, याची नोंद खतावणीत सापडत नाही. हमालाला, फिटरला आणि झाडलोट करणाऱ्या बाईला मात्र ते रोज दिसते. त्यामुळे पर्यावरणरक्षणाचा फलक भिंतीवर लावून पेढीचे काम भागत नाही. ज्यांच्या हातांतून माल जातो, त्यांना विचारावे लागते.

या विचाराला उद्योगजगतात शिस्तबद्ध रूप देणाऱ्यांत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील थ्रीएम या कंपनीचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. चिकटपट्ट्या आणि चिकट चिठ्ठ्यांमुळे ती घरोघरी परिचित आहे. १९७५ साली तिचे पर्यावरणप्रमुख डॉ. जोसेफ लिंग यांच्या पुढाकाराने तेथे एक योजना सुरू झाली. ‘प्रदूषण टाळणे फायद्याचे असते’ असा तिच्या नावाचा आशय होता. धूर आणि सांडपाणी निर्माण झाल्यावर ते शुद्ध करीत बसण्यापेक्षा मुळातच निर्माण होऊ देऊ नये, हे तिचे सूत्र. सहभाग ऐच्छिक होता आणि प्रस्ताव कर्मचाऱ्यांकडून येत. प्रस्तावाने प्रदूषण कमी व्हावे आणि पैसाही वाचावा, ही अपेक्षा असे. औषधी गोळ्यांवर लेप देण्यासाठी वापरले जाणारे रासायनिक द्रावक काढून त्याजागी पाण्याचे मिश्रण आणले गेले. त्यामुळे हवा शुद्ध करणारी महागडी यंत्रणा बसविण्याची गरज उरली नाही. अशा हजारो प्रस्तावांतून पुढील दशकांत कंपनीची मोठी बचत झाली आणि जगभरातील उद्योगांनी या योजनेचा अभ्यास केला.

परंतु याच कंपनीच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. कापडावर व गालिच्यांवर डाग पडू नयेत म्हणून वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने ती अनेक दशके बनवीत होती. ही रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. ती पाण्यात, प्राण्यांत आणि माणसांच्या रक्तात आढळली. त्यांच्या धोक्याची हाताळणी कंपनी योग्य रीतीने करीत नाही, असे लेखी कळवून १९९९ साली तिच्याच एका पर्यावरणशास्त्रज्ञाने राजीनामा दिला. पुढील वर्षी मे महिन्यात कंपनीने त्यांतील प्रमुख रसायनाचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. २०२३ साली अमेरिकेतील सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांशी तडजोड करताना तिने १०.३ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले.

एकाच घरातील या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. पैसा वाचविणाऱ्या सूचनेसाठी दार उघडे होते. भरभराटीच्या मालावर बोट ठेवणारा इशारा मात्र वेळेवर ऐकला गेला नाही. कर्मचाऱ्यांचा सहभाग खरा की देखाव्यापुरता, याची परीक्षा दुसऱ्या प्रकारच्या सूचनेने होते.

व्यापारी घराण्यांतील तरुण पिढीने याचा विचार अवश्य करावा. सोप्या गोष्टींपासून आरंभ करण्यास हरकत नाही. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. काउंटरवरच्या मुलाला एवढे सांगितले, तर तो स्वतःहून लक्ष ठेवील. महिन्यातून एकदा दिवाणजींपासून हमालापर्यंत सर्वांना एकत्र बसवून ‘काय वाया जाते?’ एवढेच विचारावे. आलेली प्रत्येक सूचना वहीत सूचकाच्या नावासह लिहावी आणि पुढच्या बैठकीपूर्वी तिचे उत्तर द्यावे. नकार असेल तर कारणासह द्यावा. उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही. बचत झाली, तर तिचा काही भाग दिवाळीच्या बोनसबरोबर त्याच्या हाती पडावा.

मात्र रंगाईच्या कारखान्यातील एखादा कामगार एके दिवशी म्हणेल, ‘शेठजी, रात्रपाळीत पाणी शुद्ध न करताच नाल्यात सोडतात.’ त्या क्षणी त्याच्यावर चिडणे, किंवा हे कोणी शिकविले म्हणून चौकशी करणे, फार सोपे असते. तसे घडले, तर वहीत त्यानंतर केवळ दिव्यापंख्यांच्या सूचना येत राहतील आणि नाला तसाच वाहत राहील. सूचना करणे कामगाराच्या हाती असते. शुद्धीकरणाचा खर्च मंजूर करणे किंवा नफ्यावर पाणी सोडणे मालकालाच करावे लागते. तो भार नोकरांवर टाकता येत नाही. अशा माणसाला समोरची खुर्ची देऊन त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे आणि त्याच रात्री कारखान्यात स्वतः जाऊन पाहावे.