सहअस्तित्वाचे सौंदर्यीकरण

मानव आणि मानवेतर प्राणी यांच्या सहअस्तित्वाची चर्चा मराठी समीक्षेत अलीकडे वाढली आहे आणि तिची परिभाषाही एव्हाना स्थिरावली आहे. 'निसर्गाशी तादात्म्य', 'आदिम सुसंवाद', 'जीवसृष्टीशी नाते' अशा शब्दसंहतींनी साहित्यकृतीचे मोल ठरवले जाते. विज्ञानाने माहिती पुरवावी आणि कलेने संवेदना जागवावी, ही श्रमविभागणीही तीत गृहीत धरलेली असते. ही भूमिका सोज्वळ आहे. तथापि ती सहअस्तित्वातून संघर्ष आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी वगळते. त्या वगळल्यावर हाती केवळ निसर्गचित्र उरते.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'सत्तांतर' (१९८२) या कादंबरीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. वानरटोळ्यांतील सत्तासंघर्षाची ही कथा राजकीय रूपक म्हणून वाचण्याचा मोह शीर्षकापासूनच सुरू होतो. या वाचनाला आधार नाही असे नाही. परंतु वानर हे माणसांचे केवळ मुखवटे मानले, तर त्यांच्या जगण्याचे बारकाईने टिपलेले तपशील अलंकरणापुरते उरतात. उलटपक्षी, तिला निसर्गप्रेमाच्या कप्प्यात टाकणारे वाचन तिच्यातील हिंसेपाशी अडखळते. एका वाचनात वानर माणूस होतो, दुसऱ्यात तो देखावा होतो. वानर म्हणून तो कोठेच राहत नाही.

विज्ञानही या मोहापासून अलिप्त नव्हते. वानरसमाज मूलतः शांत व स्थिर असतो, असे चित्र फिलिस जे यांच्यासारख्यांच्या आरंभीच्या क्षेत्रीय अभ्यासांतून उभे राहिले होते. १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी धारवाड परिसरात, नव्या नराने टोळी ताब्यात घेतल्यानंतर होणाऱ्या पिल्लांच्या हत्येची नोंद केली. सारा ब्लॅफर हर्डी यांनी 'द लंगुर्स ऑफ अबू' (१९७७) या ग्रंथात नरांमधील प्रजननस्पर्धेच्या आधारे तिची उपपत्ती मांडली. ही हत्या म्हणजे गर्दीमुळे वा मानवी हस्तक्षेपामुळे उद्भवलेली विकृती होय, असा आक्षेप तत्काळ घेतला गेला. निसर्ग आपल्या जागी निर्वेध असेल तर तो सुसंवादीच असणार, ही श्रद्धा या आक्षेपामागे होती. नेपाळमधील रामनगरच्या वानरांच्या डीएनए-चाचण्यांनी १९९९ मध्ये हर्डी यांच्या उपपत्तीला बळ दिले. तात्पर्य, सुसंवादाचे गृहीतक हे निरीक्षणाच्या आधीचे असते. समीक्षा ते विज्ञानाच्या नावावर खपवते, तेव्हा ती आपलीच प्रतिमा आरशात पाहत असते.

हा वाद केवळ ग्रंथालयातला नाही. 'जंगल प्राण्यांचे, गाव माणसांचे' ही विभागणीदेखील एक कल्पनाच आहे आणि तिच्यावर विसंबून धोरणे आखली गेली आहेत. जुन्नर परिसरात २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून जंगलात सोडण्यात आले. त्यानंतर तेथील माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. अकोले तालुक्यातील त्यांच्या २०१३ च्या अभ्यासाने ही विभागणीच निकालात काढली. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या त्या शेतीप्रदेशात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. बिबट्या तेथे वाट चुकून आलेला नाही. तो तेथला रहिवासी आहे.

हे ज्ञान विज्ञानाला नवे असले, तरी वारल्यांच्या वाघोबाला नवे नाही. वाघोबाच्या दीडशे देवस्थानांची नोंद करणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसणारे नाते देवघेवीचे आहे: मान द्यावा, वाघबारस पाळावी, त्याने राखण करावी; चुकल्यास कोप सोसावा. यात भय आहे, अटी आहेत, तक्रारही आहे. समीक्षेतील 'आदिम सुसंवाद' नेमका हा करार पुसून टाकतो आणि वारली माणसाला दिवाणखान्यातील भिंतीवरच्या चित्रात बसवतो.

संघर्षावर भर दिल्याने प्राणिहत्येचे समर्थन होईल, अशी भीती व्यक्त केली जाते. वस्तुतः धोका उलट दिशेने आहे. सौहार्दाचे आश्वासन पहिल्याच हल्ल्यात मोडते आणि त्याची जागा संहाराची मागणी घेते. धोका गृहीत धरलेले नातेच अशा प्रसंगी तग धरू शकते. शिवाय ही किंमत सर्वांवर सारखी पडत नाही. उसाच्या कडेला कोपीत झोपणारे ऊसतोड मजुराचे मूल आणि महानगरात निसर्गलेखन वाचणारा रसिक यांचे सहअस्तित्व एकाच शब्दाने ओळखले जाते, हेच मुळात आक्षेपार्ह आहे.

कला आणि विज्ञान यांनी मिळून सहजीवनाची कल्पना करावयाची असेल, तर समीक्षेला काही प्रश्न टाळता येणार नाहीत. या कृतीत प्राणी स्वतःच्या हेतूंनी वावरतो काय? त्याच्या शेजाराची झळ कोणाला पोहोचते? आणि ती सोसणाऱ्याचे म्हणणे तीत कोठे आहे? 'तादात्म्य' या शब्दाने या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. आजवर त्याने ते विचारूही दिलेले नाहीत.