पन्नास वर्षांचं अतिक्रमण

आमच्या हॉटेलाला पाटी कधीच नव्हती. कौंडण्यपुरात आर्वीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडंला, निंबाखाली, चार खांबांवर टिनं. खाली दोन बाकं, एक भट्टी, भजे-आलूबोंड्याची परात. 1972 च्या दुष्काळात शेतीनं हात वर केले, म्हणून पुढच्या साली बाबांनी ते टाकलं. मी तेव्हा सातवीत. सकाळी गिलास धुवायचे अन् मग शाळा. पुढं दहावी करून मी शेतीत पडलो, हॉटेल धाकट्यानं सांभाळलं. बाबा गेले, तरी भट्टी सुरूच राहिली.

यंदा ते मोडलं. रस्ता रुंद होणार होता. मोजणीवाले आले, निंबावर लाल पट्टा मारला, आमच्या खांबावरही मारला. धाकट्यानं विचारलं, "साहेब, आम्ही आता जावं कुठं?" त्यातला एक म्हणाला, "हे अतिक्रमण आहे. बसलेच काहून इथं?"

या 'काहून'चं उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसलो.

पहिलं कबूल करतो, रस्त्याला माझा विरोध नाही. बाळंतीण बाई घेऊन खड्ड्यांतून गेलेला माणूस चांगल्या रस्त्याला नाही म्हणत नसतो. जागा सरकारची, हेही कबूल. ग्रामपंचायतीच्या कराच्या पावत्या आमच्याजवळ आहेत, पण नमुना 8 वर नाव चढलं म्हणजे मालकी होत नाही, एवढं दहावीवाल्यालाही समजते. पण मालक नाही म्हणजे तो माणूसच नाही, हा हिशेब मला मान्य नाही.

भूसंपादनाचा 2013 चा कायदा पाहा. ज्याची स्वतःची जमीन नाही, पण संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या जागेवर ज्याचं पोट होतं, अशा कुटुंबालाही तो बाधित म्हणतो. कायदा चांगला आहे. पण आमच्याजवळून जमीन घेतलीच नाही, ती आधीच सरकारची. म्हणून आम्ही त्यात बसत नाही. दुसरा कायदा 2014 चा, फेरीवाल्यांचा. त्यात उठवण्याच्या आधी तीस दिवसांची नोटीस लागते. पन्नास वर्षांवर चाललेल्या बाजाराला वारसा बाजार जाहीर करावं, तिथल्या माणसांना हलवू नये, असंही त्याच्या परिशिष्टात आहे. पण तो कायदा शहरासाठी, नगरपालिकेच्या हद्दीतला. टिनाचं हॉटेल म्हणजे फेरीवाला नव्हे, हेही खरं. पण न्यायाची रीत पाहा बाप्पा! शहरात पन्नास वर्षं बसला तर वारसा, खेड्यात पन्नास वर्षं बसला तर अतिक्रमण.

आमच्याच गावातले काही शहाणे म्हणतात, "चहाच तर विकाचा आहे, पुढं कुठीसा टाका दुसरं." त्यांना मी उधारीची वही दाखवतो. मृग लागला की कास्तकाराचा पैसा बियाण्यात अन् खतात, म्हणजे मातीत. तेव्हापासून सीतादही होऊन कापूस घरात येईतोवर अर्धं गाव वहीवर चहा प्यायचं. व्याज नाही, सही नाही. मजूर तिथंच ठरायचे, आर्वीच्या बाजारातला भाव तिथंच कळायचा, एसटीतून उतरलेली म्हातारी घरचा माणूस येईतोवर तिथंच बसायची. हॉटेलाचं भांडवल परात अन् भट्टी नव्हतं, ती जागा होती. जो माणूस रोज समोरून जाते, त्याचीच उधारी वसूल होते. हॉटेल दोन किलोमीटर दूर गेलं, की वहीतली अर्धी नावं पुसली समजा.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळचं बी. मेरवान हे 1914 चं इराणी हॉटेल. 2014 साली ते बंद होणार अशी बातमी आली, तर मावा केकसाठी रांगा लागल्या, पेपरांत लेख आले. लोकांना वाईट वाटलं ते बरोबरच. पण आमचं मोडलं त्या दिवशी पेपरात रस्त्याच्या कामाची बातमी होती, हॉटेलाची एक ओळ नाही. मुंबईच्या माणसाला आठवणी असतात, अन् आम्हाला फक्त टिनं असतात काय?

आमचं गाव रुक्मिणीचं माहेर. 1594 पासून तिची पालखी इथून पंढरीला जाते, असं सांगतात. देवी लग्न होऊन गेली, पण माहेर वर्धेच्या काठी जिथल्या तिथं आहे. माहेर सोयीच्या जागी हलवू, असं कोणी म्हणलं तर गाव त्याला उभं करणार नाही. जागेची किंमत या गावाला समजते. मग आपल्याच माणसाच्या जागेपाशी ती काहून विसरते?

माझं मागणं मोठं नाही. रस्त्याचा नकाशा काढाल तेव्हा हॉटेल, पानठेला, सायकलचं दुकान, न्हाव्याची खुर्ची, सारे त्यावर दाखवा. रुंद रस्त्याच्या कडंला त्यांना दहा बाय दहाची जागा आखून द्या. आधी जागा द्या, मग टिनं काढा. अन् हे ग्रामसभेत ठराव करून मागा. आमच्या वेळी गाव गप्प बसलं, मीही अर्ज घेऊन एकटाच फिरलो. ती माझी चूक. पहिल्या दिवशीच सभा बोलवायला पाहिजे होती.

धाकटा आता आर्वीला दुसऱ्याच्या भट्टीवर भजे तळतो. सकाळच्या एसटीनं जाते, रात्री येते. उधारीची वही माझ्याजवळ आहे. चार जण घरी येऊन पैसे देऊन गेले. बाकीचे मला पाहून रस्ता बदलतात. त्यांना सांगतो, पैसे राहू द्या. येत्या ग्रामसभेत माझ्या बाजूला येऊन बसा, आता न्हाव्याच्या खुर्चीवर लाल पट्टा लागला आहे.