मूल घरी पोहोचले, आईचे काय?

परदेशी कुटुंबाने दत्तक घेतलेले भारतीय मूल ‘घरी’ पोहोचते, त्या क्षणाचे चित्र आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. विमानतळावर फुगे घेऊन उभी असलेली नवी भावंडे, डोळे पुसणारे आजी-आजोबा, आणि या साऱ्यांच्या मध्ये नव्या कोऱ्या स्वेटरमध्ये गुरफटलेले, भेदरलेले एक सावळे मूल. वृत्तपत्रे असे छायाचित्र छापतात आणि खाली लिहितात : अनाथाला घर मिळाले. वाचक सुखावतो आणि पान उलटतो. माझी तक्रार या सुखावण्याविषयी आहे. कारण त्या चित्रात एक व्यक्ती नसते, आणि ती नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती व्यक्ती म्हणजे त्या मुलाची जन्मदात्री.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे कागदपत्रांची वाट पाहिली आणि आपली भाषा न समजणाऱ्या, रात्री-अपरात्री दचकून उठणाऱ्या मुलाला छातीशी धरले, तिच्या मातृत्वाला उणे लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. रक्ताच्या नात्याची पूजा हा समाजवाद्यांचा धर्म नव्हे. प्रश्न तिच्या प्रेमाचा नसून ते प्रेम ज्या व्यवस्थेतून वाट काढीत मुलापर्यंत पोहोचते, त्या व्यवस्थेचा आहे. आणि ही व्यवस्था गरीब आईच्या असहायतेवर उभी आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

‘अनाथ’ हा शब्दच पाहा. दत्तक दिली जाणारी सर्व मुले आईबापांविना असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांखेरीज तिसरा वर्ग आहे : आईबापांनी स्वतः सोपवून दिलेली मुले. आईबापांच्या आटोक्याबाहेरील शारीरिक, भावनिक व सामाजिक कारणांमुळे ज्यांचा त्याग झाला ती ही मुले, अशी व्याख्या अधिनियम करतो. या यादीत ‘आर्थिक’ हा शब्द नाही! दारिद्र्यामुळे आई मूल सोडते, हे मान्य केले तर दारिद्र्य दूर करण्याची जबाबदारी शासनावर येते. म्हणून दारिद्र्याला ‘सामाजिक कारणां’चा अंगरखा चढवून दारातून आत घेतले जाते.

या दारातून काय काय आत आले, याचा इतिहास फार जुना नाही. १९९९ साली आणि पुन्हा २००१ साली हैदराबादेतील दत्तक-संस्थांची प्रकरणे उजेडात आली, तेव्हा तेलंगणातील लंबाडा तांड्यांवरच्या मुली मध्यस्थांनी काही शे, काही हजार रुपयांत मिळविल्याचे दिसून आले. चेन्नईत तर झोपडपट्टीतून मुले चक्क पळविण्यात आली आणि एका मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, कागदोपत्री सर्व काही यथास्थित करून, नेदरलँड्स व ऑस्ट्रेलियात पाठविण्यात आली. हे २००५ साली उघडकीस आले, तोवर ती मुले तिकडच्या शाळांत जाऊ लागली होती. आपला महाराष्ट्र यातून अलिप्त नव्हता. पुण्यातील एका संस्थेच्या व्यवहारांची चौकशी २०१० साली केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली, ती काही उगाच नव्हे.

हे सारे न्यायालयाला ठाऊक नव्हते काय? पुरेपूर ठाऊक होते. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहून परदेशी दत्तकातील गैरप्रकारांकडे लक्ष वेधले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. तोवर या देशात अशा दत्तकासाठी कायदाच नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा केवळ हिंदूंपुरता; सर्वांसाठी एक कायदा करण्याचे १९७२ आणि १९८० चे प्रयत्न फसलेले. परदेशी दांपत्ये १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे ‘पालक’ होत, त्याला घेऊन जात आणि दत्तकविधान आपल्या देशात उरकीत. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. भगवती यांनी दिलेल्या निकालाने या बेबंदशाहीला प्रथमच लगाम घातला. मुलाचा पहिला हक्क स्वतःच्या आईबापांवर. ते अशक्य झाल्यास या देशातील कुटुंबावर. आणि तेही न जमल्यासच परदेशातील कुटुंबाचा विचार, असा क्रम न्यायालयाने घालून दिला. मूल देण्याचा निर्णय आईला बाळंतपणापूर्वी किंवा त्यानंतर तीन महिन्यांच्या आत घ्यावयास सांगू नये, असेही बजावले.

पुढे १९९० साली ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा आली, १९९३ चा हेग करार भारताने २००३ साली मान्य केला, नियमावल्यांचे थर चढले. पण क्रमातील पहिल्या पायरीचे काय झाले? आज कायदा सांगतो : आईने आधी सही करावी, मग फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतील. या दोन महिन्यांत तिला समुपदेशन मिळते. समुपदेशनाने दूध विकत मिळत नाही, खोलीचे भाडे भागत नाही आणि बाळंतिणीला गेलेले काम परत मिळत नाही. ज्या कारणाने तिने सही केली ते कारण साठ दिवसांनंतरही जागच्या जागी असेल, तर तिने फेरविचार करावयाचा तो कशाचा?

येथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. २०१७ च्या दत्तकग्रहण नियमावलीने संस्थेला बालसंगोपन निधी म्हणून मिळावयाच्या रकमा ठरवून दिल्या. देशातील दांपत्याकडून ४०,००० रुपये आणि परदेशातील दांपत्याकडून ५,००० डॉलर, म्हणजे आजच्या दराने चार लाख रुपयांहून अधिक. आता दुसरी बाजू पाहू. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत निराधार किंवा एकच पालक असलेल्या मुलासाठी २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये ठरले. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये दरमहा ४,००० रुपये आहेत. म्हणजे एक मूल परदेशी जाताना जी रक्कम हात बदलते, तिच्यात तेच मूल स्वतःच्या आईजवळ केंद्राच्या दराने आठ वर्षे आणि राज्याच्या दराने चौदा वर्षे वाढू शकले असते. हा व्यवहार पूर्णतः कायदेशीर आहे, त्याची पावती मिळते, आणि अनेक संस्था त्या पैशांतून मुलांची प्रामाणिकपणे देखभालही करतात. परंतु जेथे मूल आईजवळ राहिले तर संस्थेला काहीच मिळत नाही आणि समुद्रापार गेले तर चार लाख मिळतात, तेथे व्यवस्थेचा कल कोणीकडे झुकणार, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप भावनेचा. झोपडीत उपाशी राहण्यापेक्षा मूल सुखाच्या घरी गेले, यात वाईट ते काय? दक्षिण कोरियाचे उदाहरण यावर पुरेसे बोलके आहे. युद्धानंतरच्या दशकांत त्या देशाने दीड ते दोन लाख मुले पाश्चात्य कुटुंबांकडे धाडली. तेथील सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष काढला तो असा, की आईबाप हयात असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद झाली, कागद खोटे रचले गेले, आणि शासनाने याकडे डोळेझाक करून मुलांच्या मानवी हक्कांचा भंग केला. देशांतर्गत बालकल्याणावर खर्च करण्यापेक्षा मुले बाहेर पाठविणे शासनाला स्वस्त पडत होते! नेदरलँड्सने २०२१ साली परदेशी दत्तक स्थगित केले, चीनने २०२४ साली ते जवळजवळ बंदच केले. आणि ‘सुखाच्या घरा’ची शाश्वती तरी कितीशी? ऐंशीच्या दशकात मुंबईतून अमेरिकेत दत्तक गेलेली एक मुलगी प्रौढ झाल्यावर २००८ साली मुंबईत हद्दपार करण्यात आली, कारण तिला नागरिकत्व मिळवून देण्याचे कोणी मनावर घेतले नव्हते. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा तेथील २००० सालचा कायदा तिच्या वयाच्या माणसांना लागूच झाला नाही. ज्या घरातून माणसाला हद्दपार करता येते, त्याला घर म्हणावयाचे काय?

दुसरा आक्षेप राष्ट्राभिमानाचा. आपली मुले परक्यांना देऊच नयेत, अशी गर्जना करणारे काही कमी नाहीत. त्यांना एकच प्रश्न विचारतो. दत्तकासाठी नाव नोंदवून तीस हजारांहून अधिक भारतीय दांपत्ये रांगेत उभी असताना, २०२४-२५ मध्ये देशात झालेल्या ४,५१५ दत्तकांपैकी ३६० मुले परदेशी का गेली? त्यांत मोठा भरणा वाढत्या वयाच्या, आजारी वा अपंग मुलांचा आणि एकत्र राहू इच्छिणाऱ्या भावंडांचा असतो. आपल्या रांगेतील बहुसंख्य दांपत्यांना दोन वर्षांच्या आतले, निरोगी, जमल्यास उजळ वर्णाचे मूल हवे असते. मुलाचा पाय अधू असला की आमचा राष्ट्राभिमान नेमका त्याच वेळी रजेवर जातो. ज्यांना आपण नाकारले त्यांना परक्यांनी जवळ केले, याबद्दल त्यांच्या नावाने बोटे मोडण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच काही साथींचा. कोट्यवधी मुले कुपोषित असताना तीन-चारशे मुलांच्या प्रश्नावर शक्ती का खर्चावी? साथींनो, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. जी आई संस्थेच्या कागदावर अंगठा उठविते ती आपल्याच ऊसतोड टोळीतली, वीटभट्टीवरची, घरकाम करणारी, नवऱ्याने टाकलेली बाई असते. तिला संघटनेचा आधार असता तर ती त्या कचेरीत एकटी गेली नसती.

या बाबतीत महाराष्ट्राला आदर्श बाहेरून आणण्याची गरज नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यांनी केवळ मुलाला वाचविले नाही. फसविल्या गेलेल्या विधवेला बाळंत होण्यास सुरक्षित जागा दिली. काशीबाईंच्या यशवंताला त्यांनी पुत्र मानले, तेव्हा त्याच्या आईला हाकलून देऊन नव्हे. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंच्या बरोबरीने रुग्णसेवेला उभा राहिला. दत्तकाचा हा अस्सल सत्यशोधक अर्थ आहे. दार उघडावयाचे ते माय-लेकरू दोघांना.

आणि जी मुले गेली त्यांचे? पाच-सहा वर्षांचे मूल मराठी बोलत विमानात बसते आणि काही महिन्यांतच ती भाषा विसरू लागते. वीस-पंचवीस वर्षांनी ते माणूस होऊन मुंबई-पुण्यातील संस्थेच्या दाराशी येते आणि दुभाष्यामार्फत विचारते : माझी आई कोण? त्याच्यासमोर गोपनीयतेचा नियम धरला जातो. अविवाहित मातेच्या गोपनीयतेचे महत्त्व मी नाकारीत नाही. तिला तिची संमती विचारलीच पाहिजे. परंतु कागद गहाळ होणे, नोंदी खोट्या असणे, रजिस्टर वाळवीने खाणे याला गोपनीयता म्हणत नाहीत. पुष्कळदा अशा पडद्याआड आईची अब्रू नव्हे, संस्थेचा व्यवहार झाकलेला असतो.

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. प्रसूतीनंतर तीन महिने उलटल्याविना आणि त्या काळात आईला प्रत्यक्ष आर्थिक साहाय्य दिल्याविना कोणत्याही सोपवणुकीच्या कागदावर सही घेतली जाऊ नये. देशी व परदेशी दत्तकाच्या रकमांतील तफावत संस्थेकडे न जाता मातांच्या साहाय्य निधीत जमा व्हावी. प्रत्येक मुलाच्या जन्माची मूळ कागदपत्रे शासनाने कायमची जतन करावीत.

या मागण्या मान्य होईपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. बालसंगोपन योजनेचे अर्ज प्रत्येक जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात आजही आहेत, आणि ते भरून घेणारे कोणी नाही म्हणून ते पडून राहतात. आपल्या वस्तीतील एखादी बाई मूल सोपविण्यासाठी बालकल्याण समितीपुढे जाणार आहे असे कळेल, तेव्हा आपल्यापैकी एकाने त्या दिवशीचा रोज बुडवून तिच्यासोबत जावे, आणि सहीच्या कागदाआधी तो अर्ज टेबलावर ठेवावा.