खेळाचे मोल आणि यंत्राचा डौल

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर विखुरलेल्या आमच्या समाजात घरखर्चाच्या ज्या प्रश्नांवर हमखास खडाजंगी होते, त्यांत हल्ली एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलाने किंवा मुलीने खेळण्यासाठी म्हणून दोन लाखांचा, प्रसंगी चारपाच लाखांचा संगणक मागितला, तर तो घेऊन द्यावा की नाही? या प्रश्नावर दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, खेळावर पैसा घालणे म्हणजे तो पाण्यात टाकणे. दुसरा म्हणतो, घ्यायचेच तर बाजारात जे सर्वांत भारी असेल तेच घ्यावे. पुनःपुन्हा खर्च कशाला? आमच्या मते पहिला पक्ष अरसिक आहे आणि दुसरा अविचारी. मौज अशी की पुष्कळदा एकच गृहस्थ एरवी पहिल्या पक्षात असतो आणि वेतनाच्या थकबाकीची रक्कम हाती पडताच दुसऱ्या पक्षात जाऊन बसतो.

प्रथम पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. संगणकावरील खेळ हा जुगाराचा धाकटा भाऊ होय, असा त्यांचा एक आवडता आक्षेप आहे. जुगाराचे आम्ही समर्थन करीत नाही. द्यूताने काय होते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही महाभारतामुळे ठाऊक असते. परंतु पैसे लावून खेळणे निराळे आणि खेळणे निराळे. हा भेद आता कायद्यानेही मानला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो अधिनियम संमत केला, त्याने पैसे लावून खेळण्यास बंदी केली आणि ई-क्रीडेला मात्र मान्यता दिली. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत असे खेळ प्रात्यक्षिक म्हणून खेळले गेले. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या स्पर्धांत त्यांस पदके मिळू लागली. तथापि पदकांच्या आधारावर आम्ही आमचा पक्ष उभा करू इच्छीत नाही. आपला मुलगा पदक आणील म्हणून त्यास खेळू द्यावे, हे म्हणणे ‘खेळू नको’ म्हणण्याइतकेच कोरडे आहे. खेळाचे फळ खेळातच असते. क्लबात ब्रिजच्या टेबलावर संध्याकाळी सातापासून अकरापर्यंत बसणाऱ्या, नाटकाच्या वेडापायी एकेकाळी रजा संपवून टाकणाऱ्या आणि अजूनही सतारीच्या किंवा कॅमेऱ्याच्या किमती सांगताना ज्यांचे डोळे चमकतात अशा आमच्या अधिकारीवर्गाला हे समजावून सांगावे लागू नये. आपला छंद ती संस्कृती आणि मुलांचा छंद ती उधळपट्टी, हा न्याय कोणत्या शास्त्रात सांगितला आहे?

शिवाय आमच्या वाचकांच्या घरी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बदलीच्या नोकरदारांच्या मुलांचे शिक्षण मध्येच तुटू नये, म्हणून १९६३ सालापासून आपल्या देशात केंद्रीय विद्यालयांची व्यवस्था उभी राहिली. तिचे उपकार मोठे आहेत. मूल जोधपूरहून शिलाँगला गेले तरी पुस्तक तेच राहिले, अभ्यासक्रम तोच राहिला. परंतु मित्र? तीन वर्षे जमवलेली मैत्री एका सरकारी आदेशाने मोडते, आणि नव्या गावी, नव्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून ओळखी काढाव्या लागतात. थोरांचे हे दुःख आम्ही महाराष्ट्र मंडळातील गणेशोत्सवात आणि दिवाळीच्या फराळात थोडेफार विसरतो. मुलांना ती सोय नसते. अशा मुलास रात्री नऊ वाजता जुन्या गावातले चार सवंगडी जर खेळात भेटत असतील, त्यांच्याशी भांडण, चेष्टा आणि समेट होत असेल, तर ज्याची बदली होत नाही असे एकच मैदान त्याच्या वाट्यास आले आहे असे समजावे. त्या मैदानाला ‘वेळेचा अपव्यय’ म्हणणाऱ्या पित्याने निदान एकदा स्वतःच्या बदल्यांची यादी काढून मुलाच्या वयाशी ताडून पाहावी.

येथपर्यंत वाचून दुसऱ्या पक्षाचे लोक आनंदाने माना डोलावू लागले असतील. त्यांनी जरा थांबावे. ज्या कारणासाठी खेळावर खर्च करणे आम्ही उचित मानतो, त्या कारणाला भारी यंत्र लागतच नाही, हे आमचे मुख्य म्हणणे आहे. मित्र जेथे जमतात ते खेळ पाहावेत. २०११ साली पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘माइनक्राफ्ट’च्या २०२३ पर्यंत ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या, तो मूळ स्वरूपात साध्या संगणकावरही चालतो. २०२० साली आलेला ‘व्हॅलोरंट’ तर जुन्या, दुबळ्या संगणकांवरही चालावा अशाच बेताने रचलेला आहे. यात कर्त्यांचे औदार्य नाही, व्यापार आहे. ज्या खेळाला गर्दी हवी त्यास गर्दीजवळ जे यंत्र आहे त्यावरच चालावे लागते. आणि गर्दीजवळचे यंत्र कोणते? ‘स्टीम’ ही संगणकखेळांची मोठी पेढी आपल्या ग्राहकांच्या यंत्रांची पाहणी दरमहा प्रसिद्ध करते. २०१६ साली निघालेले ‘जीटीएक्स १०६०’ हे मध्यम किमतीचे ग्राफिक्स कार्ड त्या यादीत वर्षानुवर्षे पहिल्या स्थानी राहिले आणि २०२२ च्या अखेरीस कोठे ते खाली उतरले. म्हणजे जगातील खेळाडू सहा वर्षे एका मध्यम वस्तूवर आनंदात होते. तळमळ होती ती दुकानदाराला.

आता भारी यंत्राने मिळते काय, हे हिशेबाने पाहू; कारण आमचे वाचक हिशेबाचे लोक आहेत. २०२५ साली एन्व्हिडिया कंपनीने ‘आरटीएक्स ५०९०’ हे कार्ड १९९९ डॉलर किमतीस जाहीर केले. भारतात त्याची जाहीर किंमत २ लाख १४ हजार रुपये होती. हे केवळ एक कार्ड. प्रोसेसर, पडदा, पेटी, वीजपुरवठ्याचा खोका यांचे पैसे निराळे. त्याच वर्षी त्याच पिढीतील ‘५०६० टीआय’, १६ जीबी स्मृतीचे, ४२९ डॉलरना निघाले. किंमत साडेचारपटीहून अधिक झाली; काम त्या पटीत वाढत नाही. साध्या १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्यावर तर अंतर आणखी आक्रसते, कारण तेथे कार्ड मोकळे राहते आणि प्रोसेसर मागे पडू लागतो. पडद्याच्या वेगाचेही तसेच. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्रास १६.७ मिलिसेकंद लागतात. १४४ चित्रांच्या पडद्यावर ६.९, २४० च्या पडद्यावर ४.२. पहिल्या पायरीला जवळजवळ दहा मिलिसेकंदांचा लाभ होतो व तो डोळ्यांस जाणवतो. दुसरीला तिनाहूनही कमी. पहिल्या पायरीचे पैसे द्यावेत. पुढच्या पायऱ्या ज्याचे पोट खेळावर चालते त्याने चढाव्यात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आमच्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही.

“पण एकदाच भारी घेतले म्हणजे दहा वर्षे पाहावे लागत नाही,” हा या पक्षाचा ब्रह्मास्त्रासारखा युक्तिवाद. तोही तपासावा. २०२० च्या सप्टेंबरात ‘३०९०’ हे कार्ड १४९९ डॉलरना आले व ‘आता यापुढे काय?’ असे लोक म्हणू लागले. २०२३ च्या जानेवारीत, म्हणजे सव्वादोन वर्षांत, ‘४०७० टीआय’ हे कार्ड ७९९ डॉलरना निघाले आणि बहुतेक खेळांत त्याच्या पुढे गेले. ज्याने भविष्य विकत घेतले असे वाटत होते, त्याने वर्तमानच दुप्पट भावाने घेतले होते. त्यात या बाजाराचे भाव खेळणाऱ्याच्या हाती नसतात. २०२१ साली आभासी चलन कमावणाऱ्यांनी कार्डांचा दुष्काळ पाडला. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणककेंद्रांनी स्मृतिचिपांचे भाव भडकवले. अशा बाजारात लहान खरेदी करून चार वर्षांनी ती बदलणारा शहाणा.

दुसरा युक्तिवाद आम्हांस अधिक खटकतो, कारण त्यात लबाडी आहे. “खेळ हे निमित्त, मुलगा यावर इंजिनियरिंगचा अभ्यास करील, कृत्रिम बुद्धिमत्ता शिकेल.” मग २०१२ सालचा दाखला देतात की टोरांटो विद्यापीठातील अलेक्स क्रिझेव्हस्की याने खेळण्याच्याच दोन कार्डांवर चित्रे ओळखणारी ती प्रसिद्ध यंत्रणा घडवली. दाखला खरा आहे. परंतु ती दोन ‘जीटीएक्स ५८०’ कार्डे होती, एकेकाचा मूळ भाव ४९९ डॉलर, आणि एन्व्हिडियाचे त्याहून महाग कार्ड तेव्हा बाजारात हजर होते. कार्डांमुळे क्रिझेव्हस्की घडला नाही. क्रिझेव्हस्कीमुळे कार्डांचे सोने झाले. प्रोग्रॅमिंगची पहिली दोनतीन वर्षे कोणत्याही बऱ्या संगणकावर निभावतात. म्हणून खेळण्याचे यंत्र खेळण्यासाठीच म्हणून घ्यावे. अभ्यासाच्या नावाने घेतलेल्या यंत्राचा पहिला धडा खोटेपणाचा असतो, आणि पुढे परीक्षेत गुण घसरले की त्याच यंत्राकडे बोट दाखवून पिता मुलास जे बोलतो, ते ऐकून घेण्याची पाळी त्या बिचाऱ्यावर विनाकारण येते.

बदलीच्या माणसाला तर भारी यंत्र हे ओझेच आहे. ‘५०९०’ ला एकट्याला ५७५ वॉटपर्यंत वीज लागते. बाकीच्या यंत्रासह चार तासांच्या खेळात तीन युनिटांच्या आसपास वीज जाते व ती सारी उष्णता होऊन खोलीत उतरते. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या किंवा बिलासपूरच्या सरकारी निवासात ही शेगडी पेटवायची आणि तिची धग काढण्यासाठी वातानुकूलन चालवायचे! लहान गावी विजेचा दाब खालीवर होतो, म्हणून तेवढ्याच ताकदीचा यूपीएस घ्यावा लागतो. असली कार्डे दोन किलोच्या आसपास भरतात. ती न काढता पेटी मालमोटारीत घातली तर रस्त्यातील हिसक्यांनी कार्डाची पाटी तडकते. म्हणून लॅपटॉप घ्यावा, तर तेथे निराळाच घोटाळा. लॅपटॉपातील ‘४०९०’ आणि मेजावरच्या संगणकातील ‘४०९०’ यांचे नाव एक, आतील चिप मात्र वेगळी. पहिली दुसरीहून बरीच दुबळी. नावावर भुलून पैसे मोजणाऱ्याने निविदांची छाननी कशी केली असेल, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

इतके सारे उघड असूनही भारी यंत्रे घेतली जातात, ती का? शेजारच्या अधिकाऱ्याच्या घरी आहे म्हणून, हे एक कारण. काचेच्या पेटीतील रंगीबेरंगी दिव्यांचा मोह, हे दुसरे. पण खरे कारण याहून खोल आहे आणि ते बोलण्यास कोणी धजत नाही. तीन वर्षे एका गावी, दोन वर्षे दुसऱ्या गावी, मधली काही वर्षे कुटुंब पुण्यास ठेवून एकट्याने काढलेली. मुलाच्या वाढदिवसाला निवडणुकीचे काम, स्नेहसंमेलनाला दौरा. ही बाकी मनात साचत जाते आणि एके दिवशी पिता ती एकरकमी फेडू पाहतो. चार लाखांची पावती फाडली की आपण मोकळे! आम्ही स्पष्ट सांगतो, हे कर्ज असे फिटत नाही. मुलाला यंत्र मिळते. ज्याची तो वाट पाहत होता ते मिळत नाही. यंत्र जितके भारी, तितका त्याच्या खोलीचा दरवाजा अधिक काळ बंद राहतो, आणि पिता बाहेर म्हणत बसतो की एवढे करूनही पोरगा बोलत नाही.

तेव्हा आमचा निवाडा असा. खेळासाठी संगणक जरूर घ्यावा. आज त्याचा सारा खर्च एक लाखाच्या आतबाहेर राहील असे पाहावे. अगदी हलके घेऊनही भागत नाही. कार्डाची स्वतःची स्मृती आठ जीबीहून अधिक असावी, कारण त्याखाली काही नवे खेळ अडखळतात. आधी पडदा ठरवावा आणि पडद्याला पुरेल तेवढेच यंत्र घ्यावे. ज्या घरात तेवढेही जड जाते त्याने कर्ज काढू नये. ऋण काढून सण करण्यास दुकाने हप्त्यांची सोय देतात, म्हणून तो शहाणपणा ठरत नाही.

आणि वाचलेल्या दोनतीन लाखांचे काय करावे, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर तयार आहे. त्यातल्या थोड्याशा पैशांत खेळाचा आणखी एक कंट्रोलर येतो. तो घ्यावा, मुलाशेजारी खुर्ची ओढावी आणि आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्याकडून सपाटून हार खावी. फायलींवर ज्यांचा शब्द अखेरचा असतो त्यांना हे अवघड जाईल. पण मुलाला जे यंत्रात मिळत नव्हते ते तेथे मिळेल, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड कोणते आहे हे तो विचारणारही नाही.